पंधरावी चूल

कॉलेजचं इनाम, गिरणीच्या वरच्या अंगाला
१९ मे १८०३

अरे लेम,

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी! ओंडक्यांचे तराफे घेऊन नदीनं खाली गेलेली माणसं परतताना ते घेऊन आली. वर तू नोकरी करतोस त्या कॉलेजची लाखेची मोहर. म्हटलं, भाऊ गेला माझा, आणि कॉलेजनं कळवलंय. खाली बसूनच फोडलं. बघते तर काय, ‘श्रीमती ब्रॅकेट, महोदया’! अरे मेल्या, तुझं शेंबडं नाक मी माझ्या परकराला पुसलंय. आई गेल्यावर तुला मांडीवर घेऊन काकवी-भाकरी भरवली ती मी. आणि मी महोदया?

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना आता फारसं दिसत नाही, ऐकू मात्र नको तेवढं येतं. ‘महोदया’ ऐकून त्या इतक्या हसल्या की ठसकाच लागला. तेव्हापासून दिवसभर तेच चाललंय. "महोदया, घेवडा करपतोय." "महोदया, डुक्कर सुटलं."

असो. मुद्द्याचं बोलते. तू लिहिलंयस ते मला नीट समजलंय का बघ. बोस्टनच्या सरकारनं हा सगळा जंगलपट्टा कॉलेजला इनाम दिला. कॉलेजनं तो तुकड्यातुकड्यानं आम्हाला विकला आणि त्यावर तुमचे पंडित पोरांना ग्रीक शिकवतात. पण इनामाला अट होती. यंदाच्या सप्टेंबरअखेर इथं पंधरा कुटुंबं वसलेली हवीत, नाहीतर सरकार जमीन परत घेणार. मग कॉलेजनं आम्हाला दिलेले कागद चुलीत घालायचे आणि नवा मालक ‘चला’ म्हणाला की घरं सोडून चालू पडायचं. आणि आज कुटुंबं भरतात चौदा. माझा असाहेल होता तेव्हा पंधरावं कुटुंब आमचं होतं. तो गेला आणि तुमच्या विश्वस्तांनी आम्हाला वगळलं. दोन बायका एका छपराखाली राहिल्या तर त्याला कुटुंब म्हणत नाहीत म्हणे. मग काय म्हणतात? कोंबड्यांचं खुराडं?

इथवर मी निमूट वाचलं. पण पुढचं वाक्य वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘त्या भागात श्री. जोथम पेटिंगिल नावाचे अविवाहित सद्गृहस्थ राहत असल्याचे मंडळास समजते.’ समजते काय! अकरा वर्षांपूर्वी मी एका लाकूडतोड्याशी लग्न करते म्हणून तू भरल्या ताटावरून उठून गेलास. त्या माणसाचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही म्हणालास. आजतागायत तू ते घेतलं नाहीस. या पत्रातसुद्धा ‘आपले दिवंगत पती’ आहे, असाहेल नाही. आणि आता दुसरा लाकूडतोड्या तूच शोधून देतोस! का, तर कॉलेजची बेरीज जुळावी!

माझं उत्तर नाही असं आहे. तसं मंडळाला कळव.

आणि त्या सद्गृहस्थाचंही ऐकून ठेव. ओढ्यापलीकडे एकटा राहतो आणि छपराची लाकडी कौलं तासतो. डावखुरा आहे. चार वाक्यं बोलायला लावली तर घाम फुटतो त्याला. कुणी ऐकत नाही असं वाटलं की बेसूर गातो. वारा दक्षिणेचा असला की आमच्या दारापर्यंत ऐकू येतं. असल्या माणसाशी लग्न लावायला निघाले तुमचे विश्वस्त.

सोबत मेपलच्या साखरेची ढेप पाठवते. तुझा खोकला अजून आहे का? दरवर्षी बर्फ वितळायच्या दिवसांत व्हायचा. ती साखर गरम पाण्यात घालून घे. पंडितांना वाटत बसू नकोस, तू खा.

तुझी, आता महोदया झालेली,
रुशा

१२ जून

लेम,

तुझ्या उत्तराची वाट बघत बसत नाही. झालंय ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

आधी बरी बातमी सांगते, जी दोन दिवसांत नासली. कनेक्टिकटहून एक कुटुंब आलं होतं. नवरा, बायको, चार पोरं, दोन बैल, शिवाय घड्याळ! आम्ही सगळे धावत काठावर. ओबेद टिबेट्सनं तर त्यांची गाठोडी स्वतःच्या डोक्यावरून आणली. ओबेद म्हणजे तुमच्या कॉलेजचा इथला माणूस, गिरणीवाला. यानंच तुम्हाला जोथमचं नाव कळवलं, हे मी पुरतं ओळखून आहे. तर पंधरावं कुटुंब मिळालं म्हणून गिरणीत सफरचंदाची दारू निघाली. पण लेम, महिना कुठला? काळ्या माश्यांचा. तिसऱ्या दिवशी त्या बाईचे दोन्ही डोळे सुजून बंद, पोरांच्या कानामागून रक्त. ती नवऱ्याला म्हणाली, "तू राहा हवा तर. मी चालले." बैल, घड्याळ, सगळं आल्या वाटेनं परत गेलं. इथल्या कुणीही त्यांना आधी लिहून कळवायला हवं होतं की ऑगस्टात या. पण घाई झाली होती ना सगळ्यांना.

आता खरं ऐक. इथं चर्च नाही हे तुला माहीत असेल. रविवारी गिरणीच्या माळ्यावर जमतो आणि कुणीतरी वाचतं. ज्यांचं लग्न ठरलंय त्यांची नावं ओबेद गिरणीच्या दारावर लावतो. दोन आठवडे कुणी हरकत घेतली नाही की लग्नाला मोकळे. तर गेल्या रविवारी मी सासूबाईंना हाताला धरून चढ चढत होते, आणि बायका माझ्या गळ्यात पडायला लागल्या. "अगं, आम्हाला तरी सांगायचंस!" "बाई, फार चांगलं केलंस, वाचवलंस!" मला काही उमजेना. दाराशी जाऊन बघते, तर ओबेदच्या अक्षरात, ‘जोथम पेटिंगिल व विधवा जेरुशा ब्रॅकेट यांचा परस्परांशी विवाह करण्याचा मानस आहे.’

लेम, मी ओरडलेच. "ओबेद! हा कुणाचा मानस?"

तो बाहेर आला, केसांत पीठच पीठ. "हे बघ रुशा, रागावू नकोस. दिवस थोडे राहिलेत. म्हटलं, कागद आधी लावून ठेवू, मनं काय, मागाहून जुळतील."

"आणि उद्या माझ्या मरणाचाही लावून ठेव कागद! मी मागाहून मरते सवडीनं!"

लोक हसले. मी त्याच्या शेगडीतला कोळसा घेतला आणि त्या कागदाखाली लिहिलं, ‘मानस नाही. जेरुशा ब्रॅकेट.’ तेवढ्यात मागून धापा टाकत जोथम. कानापर्यंत लाल झालेला, हातात कौलं तासायची सुरी. कागद खरवडून काढायला आला होता तो.

"रुशा, देवाशपथ, मला पत्ता नव्हता."

"मलाही नव्हता."

"मग मीही लिहितो," म्हणाला, आणि माझ्या हातातला कोळसा घेतला. आणि मग उभाच! सगळी वस्ती मागे उभी, सासूबाई "काय झालं, काय लिहितोय, कुणी सांगेल का?" म्हणून काठी आपटतायत, आणि हा दाराकडे बघत गप्प. शेवटी डाव्या हातानं लिहिलं, ‘हिला कुणी विचारलेलं नाही. जो. पेटिंगिल.’

आता मला सांग, ही काय हरकत घ्यायची रीत झाली? माझ्यासारखं सरळ ‘मानस नाही’ लिहायला काय झालं होतं? धड लिहिता येत नसेल. जाऊ दे.

पण त्या दिवसापासून बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्यात. विहिरीवर मी गेले की गप्प होतात. गुरुवारी एक जण तोंडावर म्हणाली, "तुझ्या एका ‘नाही’साठी आमची लेकरं उघड्यावर पडायची का?" तिच्या तीन पोरी माझ्या हातावर जन्मल्यात.

तुझी,
रुशा

२४ जुलै

लेम बाळा,

या खेपेला ‘प्रिय बहीण’ लिहिलंस. सासूबाई म्हणाल्या, "बढती झाली गं तुझी."

तू लिहितोस की तू हुकूम सोडला नव्हतास, मंडळानं लिहायला लावलं. बरं, मानलं. सप्टेंबरात सरकारच्या पाहणीदाराबरोबर कॉलेजचा चिटणीस म्हणून तूच येणार आहेस हेही कळलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग तू लिहितोस की किती कुटुंबं आहेत ते तुला शपथेवर सांगावं लागेल आणि खोटी शपथ तू घेणार नाहीस, बहिणीसाठीसुद्धा नाही. ते मी मागितलेलंच नाही, राजा. लहानपणी दुधाचं भांडं मांजरानं लवंडलं तरी ‘मी दार उघडं ठेवलं होतं’ म्हणून रडत येणारा तू. तू काय खोटी शपथ घेणार!

आणि विचारतोस, जोथम पेटिंगिल वाईट माणूस आहे का. नाही रे. तोच तर घोळ आहे. वाईट असता तर ‘नाही’ म्हणून मी निवांत झोपले असते. पण बेरीज भरायला लग्न केलं तर जन्मभर मला कळायचं नाही की त्याला मी हवी होते का ओबेदला. आणि त्यालाही माझं कळायचं नाही. रोज सकाळी एकमेकांची तोंडं बघायची आणि मनात हेच.

दुसरं म्हणजे सासूबाई. मी पेटिंगिल झाले की कागदावर त्या माझ्या कुणी लागत नाहीत. खालच्या गावात अशा बिनवारशी म्हाताऱ्यांना सभेत उभं करतात आणि सगळ्यांत कमी पैशात जो पोसायला तयार होईल त्याच्या हवाली करतात. मी त्यांना टाकीन असं नाही. पण नवं घर, नवा माणूस, उद्या काय होईल कुणी सांगावं? मी त्यांच्याशी यावर चकार शब्द बोलले नव्हते. पण परवा बघते तर त्यांनी चाचपत चाचपत आपलं गाठोडं बांधलेलं. मला म्हणाल्या, "लग्न करून टाक बाई. माझी काय, कुठल्या तरी चुलीशी सोय होईल." मी ते गाठोडं सोडलं आणि त्यांना इतकी बोलले, इतकी बोलले, की शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बरं, महोदया." मग आम्ही दोघी रडलो.

आता निघालंच आहे तर सांगून टाकते. असाहेल दोन वर्षांपूर्वी वसंतात गेला. नदीत ओंडके अडकले होते, ते मोकळे करायला तो मध्ये उतरला आणि सगळे एकदम सुटले. दोन दिवसांनी सापडला. मी तुला तेव्हा कळवलं होतं, लेम. तू दोन ओळी लिहायला हव्या होत्यास. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तराफेवाले परत आले की मी काठावर जाऊन उभी राहायची, आणि ते मान हलवून पुढे जायचे. तेव्हा फार लागलं होतं मला. आता सांगून झालं, आता परत नाही काढणार.

आणि हेही कळवते. सप्टेंबर लागेपर्यंत दुसरं कुटुंब आलं नाही तर मी लग्नाला उभी राहीन. चौदा घरांच्या पोराबाळांच्या डोक्यावरचं छप्पर काढून मी माझा हट्ट पुरवणार नाही. फक्त आनंदानं उभी राहिले असं कुणी समजू नये.

साखर पंडितांना वाटलीस ना? मला माहीतच होतं.

तुझी,
रुशा

२ ऑक्टोबर

माझ्या लेम,

तुमच्या होड्या वळणाआड गेल्या तरी मी काठावर उभीच होते. समोरासमोर बोलायला गेले की मी रडते आणि तू घसा खाकरतोस, आपलं हे जुनंच दुखणं. म्हणून लिहिते.

आधी तुला ठाऊक नसलेलं सांगते. सप्टेंबर लागला, कुणी आलं नाही, तशी मी ओढा ओलांडून जोथमकडे गेले. तो कौलं तासत होता. मी म्हटलं, "मी तयार आहे. ओबेदला कागद लावायला सांग."

"नाही," म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"तुला ‘नको’ म्हणायची सोय असेल तेव्हा मी विचारीन. आत्ता तुझ्या मानेवर चौदा घरं बसलीयत."

"आणि ती घरं उठली तर?"

"तर मीही उठेन त्यांच्याबरोबर. पण असा मी तुझ्या आयुष्यात येणार नाही, रुशा."

एवढं बोलून त्याला दरदरून घाम फुटला आणि तो परत तासायला लागला. मी पाय आपटत घरी आले. काय हा हट्टीपणा! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "हं. बरा दिसतो." आणि मला सांग, दिसतं कुठे त्यांना?

मग तू आलास, पाहणीदाराच्या दोन दिवस आधी. केवढा वाळलायस रे! आणि लाकडं फोडायचा हट्ट कशाला? हाताला फोड आले ते आले, शिवाय माझ्या कुऱ्हाडीचा दांडा मोडलास. सासूबाई तुला ‘ग्रीकवाले’ म्हणतात ते मनावर घेऊ नकोस. आवडलं की त्या नावं ठेवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू त्यांच्याजवळ बसला होतास आणि मी दाराआड पीठ मळत होते. तुला वाटलं मी गोठ्यात आहे. तू विचारलंस, "असाहेल कसा होता?" तुझ्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाईंना काय, सोडलेलं धरणच. तो माझ्याकडून नाव लिहायला शिकला, मग दारावर, कुऱ्हाडीवर, भोपळ्यावर, दिसेल तिथं नाव कोरत सुटला, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग तू हळूच विचारलंस, "माझ्याबद्दल काही बोलायचा?"

"बोलायचा की. म्हणायचा, पोराचा बहिणीवर फार जीव आहे म्हणून रागावलाय. मला बहीण असती आणि माझ्यासारखा कुणी तिला जंगलात घेऊन चालला असता, तर मीही तोंड बघितलं नसतं त्याचं."

मी पिठात मीठ घालायची विसरले. त्या दिवशी भाकरी अळणी का होती, ते आता कळलं?

आणि मग श्री. थॅक्सटर. एवढा मोठा सरकारी माणूस, पण पाय ओले, नाक गळतंय, घेवड्याचे तीन वाडगे खाल्ले बिचाऱ्यानं. खाऊन झाल्यावर विचारलं, "या घराचे कुटुंबप्रमुख कोण?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "हिला विचारा हवं तर, कुणाचं ऐकते ते."

"या आपल्या कोण?" त्यांनी मला विचारलं.

"सासूबाई."

"मुलगा हयात नाही, मूलबाळ नाही. म्हणजे आता तशा कुणीच नाहीत." वाईट हेतूनं नाही बोलले ते, लिहिता लिहिता बोलले. पण मी सासूबाईंचा चेहरा बघितला. त्यांना सगळं ऐकू येतं.

ओबेदला राहवेना. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या जोथमला ढोसलं. "साहेब, हे दोघं आता लवकरच…"

"नाही साहेब," जोथम म्हणाला. "तसं काही ठरलेलं नाही." ओबेदनं त्याच्याकडे असं बघितलं की गिरणीच्या जात्यात घालून दळेल.

तेव्हा थॅक्सटर तुझ्याकडे वळले. "चिटणीस, आपण शपथेवर काय सांगता? चौदा की पंधरा?"

तू उभा राहिलास. घसा खाकरलास. मी मनाशी म्हटलं, संपलं. माझा भाऊ खोटं बोलत नाही, आणि मला तसाच भाऊ हवा आहे.

"पंधरा," तू म्हणालास. "या जागी असाहेल ब्रॅकेटचं कुटुंब वसलं. त्यानं जंगल तोडलं, घर बांधलं, आईला आणलं, बायकोला आणलं. तो गेला. कुटुंब उठलेलं नाही. अट वसण्याची आहे साहेब, न मरण्याची नाही."

"हे आपण कशाच्या आधारावर सांगता?"

"दोन दिवस यांच्या घरी जेवतोय. आणि असाहेल ब्रॅकेट माझा मेहुणा होता."

लेम, त्यानंतर थॅक्सटर काय म्हणाले ते मला खरंच ऐकू आलं नाही. त्यांनी पंधरा लिहिलं, ओबेदनं टोपी उडवली, अंगणात बायका रडायला लागल्या, हे सगळं मला मागाहून सासूबाईंनी सांगितलं. मी तुझ्याकडे बघत होते. माझा मेहुणा म्हणालास. चारचौघात, शपथेवर. बोस्टनच्या माणसासमोर. माझ्या नवऱ्याला ऐकायला मिळायला हवं होतं रे! त्यानं ते लगेच भोपळ्यावर कोरलं असतं.

खोकल्याची काळजी घे. लोकरीचे मोजे पाठवतेय, ते तरी पंडितांना देऊ नकोस.

तुझी,
रुशा

२० नोव्हेंबर

लेम,

बोस्टनहून मंजुरी आली, ओबेद तो कागद घरोघर फिरवून दाखवतोय, वगैरे तुला कळलंच असेल. विहिरीवरच्या बायका बोलायला लागल्या. जिनं मला टोकलं होतं तिनं सफरचंदं सुकवून आणून दिली, म्हणाली काही नाही, मीही काही म्हटलं नाही. आमचं मिटलं.

पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे.

तुम्ही गेल्यावर जोथम फिरकलाच नाही. आठवडा गेला, महिना गेला. गाणंही ऐकू येईना, वारा दक्षिणेचा असला तरी. मी म्हटलं, घ्या! आता कुणाला आपली गरज नाही, तर हाही मोकळा झाला. मला राग येत होता, आणि राग कसला येतोय ते कळत होतं, म्हणून आणखी राग येत होता. आत्तापर्यंत मी तुझ्यापासून एवढंच लपवलं होतं. तुला आधीच कळलं होतं असं म्हणू नकोस, मला फार लाज वाटेल.

परवा भर दुपारी दार वाजलं. जोथम. अंगात धुतलेला सदरा, केस ओले करून चापून बसवलेले, एवढ्या थंडीत! सासूबाई चुलीशी बसल्या होत्या. त्यांच्यादेखतच म्हणाला, "रुशा, तू आता ‘नाही’ म्हणालीस तर कुणाचंही काही बिघडत नाही. म्हणून आज विचारतो."

मी म्हटलं, "माझं बिघडेल."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग मीच पुढचं बोलून घेतलं. म्हटलं, मी ओढा ओलांडून येणार नाही. यांना सोडून कुठंही येणार नाही.

"ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "मीच येतो इकडे. तसंही माझं छप्पर गळतं." वस्तीभर कौलं पुरवणारा माणूस, आणि याचं छप्पर गळतं! मग सासूबाईंकडे वळून म्हणाला, "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

घर त्यांच्या मुलाचं. खाट त्याची, दारावर नाव त्याचं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी जोथमला परत पाठवलं असतं, आणि आयुष्यात एकदाही त्यांना ते बोलून दाखवलं नसतं.

त्यांनी हातानं त्याला जवळ बोलावलं. तो गुडघे टेकून बसला. त्यांनी त्याचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल. "बाई गं, नाक केवढं!" म्हणाल्या. मग बराच वेळ हात तसाच ठेवला.

"तुला हाक काय मारू रे? मुलगा म्हणायची नाही मी. मुलगा होता मला."

"जोथम म्हणा."

"तू गप. लेकीच्या नवऱ्याला काय म्हणतात?"

जोथम माझ्याकडे बघायला लागला.

"जावईच ना? मग या जावईबापू, हात धुवा. जेवायची वेळ झालीय."

मी पातेलं घेऊन मागच्या दारी गेले आणि पोटभर रडले. अकरा वर्षं मी या घरात सून म्हणून राबले, लेम. त्यांची लेक कधी झाले ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर जानेवारीत नदी पक्की गोठली की लग्न आहे. घसरगाडीनं ये, बर्फावरून वाट उन्हाळ्यापेक्षा बरी असते. न्यायाधीश खालच्या गावाहून येतील. मी जोथमला सांगून ठेवलं होतं की माझा हात त्याच्या हातात माझा भाऊ देईल, मागच्या खेपेला राहिलं होतं ते. पण सासूबाई ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, तुझ्या ग्रीकवाल्याला सांग, शेजारी उभा राहा म्हणावं. लेक माझी आहे, मी देणार.

तुझी,
रुशा